रोज एक फर्मा

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवसभर पुस्तकं हाताळायची आणि रात्री एकही पान वाचवत नाही, असं तू लिहिलंस. बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, वर्षात हे पुष्कळांचं होतं, त्याला आळस म्हणू नकोस. कॅटलॉगिंगच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, प्रॅक्टिकलला शीर्षकपान, त्याची मागची बाजू, अनुक्रमणिका, मनोगत, शेवटची सूची एवढं चाळून तुम्ही विषय ठरवता. ते यायलाच हवं. पण असं चाळलेलं पुस्तक मनात ‘झालं’ म्हणून नोंदलं जातं आणि ते वाचायची ओढ जाते. म्हणून ज्याचा नुसता क्लास नंबर, म्हणजे विषयवार वर्गीकरणाचा आकडा, काढलास, ते वाचलेल्यात धरू नकोस.

वेळेचा हिशेब फर्म्याने कर. फर्मा म्हणजे छापलेल्या एका मोठ्या कागदाची घडी; अशा घड्या एकत्र बांधून पुस्तक होतं. डेमी आठपेजी, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या, पुस्तकाचा फर्मा १६ पानांचा असतो. ललित गद्य असेल तर त्याला साधारण अर्धा तास लागतो. १९२ पानांचं पुस्तक म्हणजे १२ फर्मे. रोज एक वाचलास तर ग्रंथालयाच्या १५ दिवसांच्या मुदतीत तीन दिवस हाताशी उरतात, आणि ते लागतातच. शिवलेल्या पुस्तकात फर्म्याच्या मधोमध दोरा दिसतो. जुन्या छपाईत पुष्कळदा फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडाही सापडतो. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकात यातलं काही दिसत नाही. तिथे सोळा-सोळा पानांवर पातळ कागदाच्या पट्ट्या घाल. असं पुस्तक उताणं दाबून उघडू नकोस, कण्यापासून पानं सुटतात. खुणेला पिन नको, ती गंजते. चिकटणाऱ्या चिठ्ठ्याही नकोत, त्यांचा गोंद कागदावर राहतो.

सबमिशनच्या दिवसांत जाडजूड कादंबरी सुरू करू नकोस. मध्ये आठ दिवस खंड पडला की माणसांची नाती विसरतात, पुन्हा मागे जावं लागतं, आणि मग पुस्तक तसंच परत जातं. त्या दिवसांत कथा, व्यक्तिचित्रं, ललितलेख वाच. ‘माणदेशी माणसं’ अशा वेळी फार चांगलं, कारण एक माणूस एका बैठकीत पुरा होतो.

आता आवडीनिवडीचं. तुला नक्की काय आवडतं हे कपाटावरून कळायचं नाही. तुझी तीन लाडकी पुस्तकं घे. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ‘माणदेशी माणसं’ ८९१.४६ च्या मराठी साहित्यात, ‘युगान्त’ महाभारतावरचं म्हणून बऱ्याच ठिकाणी २९४.५९२३ मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ चरित्रांच्या कपाटात. वर्गीकरणाला विषय आणि प्रकार कळतो. तुला लेखिकेचा बोलका सूर आवडला की गावाचं वर्णन, हे तो नंबर सांगत नाही. ते आपलं आपण नोंदवावं लागतं.

त्यासाठी तुझ्याकडचीच १२.५ × ७.५ सेंटिमीटरची तालिकापत्रं, म्हणजे कॅटलॉगची कार्डं, वापर. एका पुस्तकाला एक. वर लेखक, नाव, आवृत्ती आणि साल. खाली कुठून आणलं, कधी सुरू केलं, कधी संपलं. मग पान क्रमांकासह एक वाक्य, अगदी जसंच्या तसं उतरवलेलं. शेवटी ते वाक्य का थांबवून गेलं, याची एक ओळ. ‘छान आहे’ लिहिलंस तर ते पत्र फुकट गेलं समज. सहा महिन्यांनी त्यातून काहीच हाती लागत नाही.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही पत्रं कर, माझ्या मते तीच जास्त उपयोगी. तीन फर्म्यांपर्यंत, म्हणजे ४८ पानं, संधी दे आणि नाही रमलीस तर बिनदिक्कत सोड. कारण मात्र नेमकं लिही: संवाद खोटे वाटले, टाइप बारीक होता, की परीक्षा आली? शेवटच्या दोन कारणांत पुस्तकाची चूक नाही; ती पत्रं सुट्टीसाठी बाजूला काढ.

पंचवीस-तीस पत्रं जमली की जमिनीवर पसर. लेखकाप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे लावू नकोस. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी विषयाची फोड करायला जे पाच पैलू सांगितले, त्यांतले अवकाश आणि काळ हे दोन इथे कामाला येतात: कुठलं ठिकाण, कुठला काळ. त्याला तिसरा तुझा जोड, सांगणारा कोण. गठ्ठे आपोआप पडतील. तू मला जे लिहितेस त्यावरून मला तरी वाटतं, बायकांनी स्वतःच्या बोलीत सांगितलेलं तुला ओढतं. तसं निघालं तर शं. ग. दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघड. दोन भागांत १८०० ते १९५० पर्यंतची पुस्तकं आहेत. संदर्भ विभागातून घरी मिळत नाही, तेव्हा तिथेच बसून आत्मचरित्रांच्या नोंदी उतरवून घे.

आणि ‘स्मृतिचित्रे’ विकत घेणार असशील तर घाई करू नकोस. ते १९३४ पासून भागाभागाने आलं. पुढे संक्षिप्त रूपातही निघालं. मुखपृष्ठावर ते ठळक असेलच असं नाही. शीर्षकपानाची मागची बाजू आणि पानांची संख्या बघ, आणि पूर्ण असेल तरच पैसे दे.

तुझी,
आई