साउंडवाल्या काकांना, आमच्या छोट्या खोलीतून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र तुमच्या हातातच द्यायचं होतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत ड्रम, दोन अ‍ॅम्प आणि एक माइक मांडून सराव करणारे आणि तासाभरात एकमेकांवर चिडून उठणारे आम्ही काही एकटेच नाही. तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही कामी यावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी चार वर्षं ड्रम वाजवते. या चार वर्षांत माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आलेला शब्द म्हणजे 'हळू'. प्रत्येक गाण्यानंतर कोणीतरी मान वळवून तो म्हणायचंच. मग पुढचं गाणं मी अंग चोरून सुरू करायचे. दुसऱ्या कडव्यापर्यंत गिटारचा आवाज चढलेला असायचा, मला माझाच ठेका ऐकू यायचा नाही, हात आपोआप वर जायचे, आणि गाणं संपलं की परत तेच. गायिकेचा घसा दर सरावाला बसायचा. एकदा ती गाणं अर्ध्यावर टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसली. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या. त्या रात्री मी ड्रम सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. हे तुम्हाला आजच सांगते आहे.

तुम्ही आला होतात आमचं एक गाणं नीट रेकॉर्ड करून द्यायला. एकदा पूर्ण ऐकलंत, मशीन बंद केलंत आणि थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. मला वाटलं, झालं, आता हेही तेच म्हणणार. तुम्ही हात पुढे केलात आणि म्हणालात, "स्टिक दे. तू जा, गायिकेच्या जागी उभी राहा."

आणि मग तुम्ही माझाच ठेका, माझ्याच जोराने वाजवलात.

काका, ड्रमच्या मागे बसून मला जे कधीच कळलं नव्हतं, ते तिथे दोन मिनिटांत कळलं. क्रॅशची, म्हणजे माझ्या मोठ्या झांजेची, कड उभ्या माणसाच्या कानाच्या बरोबर उंचीवर होती, जेमतेम दोन हातांवर. पहिल्या फटक्याला माझे डोळे मिटले गेले. गाण्याची ओळ म्हणून बघ म्हणालात, म्हणून म्हटली. शब्द तोंडातून निघाल्याचं जबड्याला कळत होतं, कानाला नाही. सूर लागला की नाही, हे सांगायला काही मार्गच नव्हता. ती बिचारी इतके महिने याच जागेवर उभी राहून गात होती आणि आम्ही तिला "जरा मोकळा आवाज लाव" म्हणत होतो.

मग तुम्ही फोनवरचं आवाज मोजायचं मीटर तिच्या माइकजवळ धरलंत. आकडा १०३ डेसिबलच्या आसपास हलत होता. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था काय सांगते, ते तुम्ही तिथेच समजावलंत. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास आणि १०३ला साडेसात मिनिटं. आम्ही दोन दोन तास वाजवत होतो. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहायची, ती मला रंगलेल्या सरावाची खूण वाटायची. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात परत येत नाहीत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खोलीत कोणीच बोललं नाही. कापसाचे बोळे घालून भागत नाही, वादकांसाठीचे वेगळे प्लग मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात, हेही त्याच दिवशी कळलं. आता आम्हा सगळ्यांच्या खिशात ते असतात.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती पुढच्या गोष्टीसाठी. एवढं झाल्यावर तुम्ही माझ्याकडे नाही, बाकीच्यांकडे वळलात. "ड्रमला बटण नसतं," तुम्ही म्हणालात. "म्हणून ज्यांच्याकडे बटण आहे, त्यांनी आधी खाली यायचं." चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हा प्रश्न माझ्या एकटीच्या मांडीवरून उचलून खोलीच्या मध्यभागी ठेवला होता.

गिटारचा अ‍ॅम्प जमिनीवर होता, तोंड गिटारवाल्याच्या पोटऱ्यांकडे. वरचे धारदार सूर सरळ रेषेत जातात, त्यामुळे ते त्याच्या पायांजवळून निघून मला आणि गायिकेला लागत होते, आणि त्याला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो बटण फिरवत होता. तुम्ही अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवून त्याच्या कानाकडे कलता केलात. तो एक सुरावट वाजवून दचकला आणि कोणी न सांगता त्याने आवाज उतरवला. बेसचा अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर ओढलात, तर खोलीतली ती घुमी गुरगुर निम्मी झाली.

मग गायिका. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, समोर प्रेक्षक असल्यासारखी. म्हणजे माइकचं तोंड तिच्या खांद्यावरून सरळ माझ्या झांजांकडे. तिचा आवाज वाढवला की माझा क्रॅशही स्पीकरमधून वाढून यायचा. तुम्ही तिला माझ्याकडे तोंड करून उभं केलंत, त्यामुळे माइकची पाठ, जी सगळ्यात कमी ऐकते, ड्रमकडे आली. स्पीकरही माझ्या बाजूला आणून तिच्याकडे वळवलात, म्हणजे तोही माइकच्या पाठीमागे. स्पीकर शिट्टी मारायला लागतो त्याच्या अलीकडे माइक जेवढा चढतो तेवढा चढवलात आणि म्हणालात, "हे आजचं छत. बाकी सगळे याच्या खाली." त्या रचनेत मला आणखी एक गोष्ट मिळाली, जी तुम्ही कदाचित ठरवून दिली नसेल. मला तिचा चेहरा दिसू लागला. ती श्वास घेते तेव्हा मला आता कळतं की ओळ येते आहे, आणि त्या ओळीवर क्रॅश मारायची इच्छाच होत नाही.

शेवटी माझ्याकडे आलात. "तुला हे लोक काय सांगतात?" "हळू." "आणि तू काय करतेस?" मी वाजवून दाखवलं. तुम्ही ठरलेल्या लयीत टिकटिक करणारा मेट्रोनोम लावलात आणि माझी लय चार मात्रांतच मागे पडली.

तेव्हा कुठे उलगडा झाला. आपल्याकडे 'हळू' म्हणजे कमी आवाजात आणि 'हळू' म्हणजे संथही. बँड पहिलं मागत होता, माझे हात दुसरं देत होते. लय पडली की गिटारवाला ती सावरायला जोर लावायचा, आणि आवाज पुन्हा वर. तुम्ही त्या दिवसापासून आमच्या खोलीत 'हळू' शब्दाला बंदी घातलीत. त्याऐवजी म्हणायचं 'लहान'. हा बदल माझ्या मते बाकी सगळ्या उपायांहून मोठा आहे.

लहान म्हणजे काय, ते तुम्ही स्नेअरवर, म्हणजे खाली तारा असलेल्या ड्रमवर, हात आडवा धरून दाखवलंत. चार बोटांची जाडी. स्टिकचं टोक त्याच्या वर जायचं नाही. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत, दहा मिनिटं, फक्त तेवढंच. पहिल्या आठवड्यात मनगट अवघडायचं, कारण उंचीवरून पडणारी स्टिक स्वतःच काम करते आणि चार बोटांवरून प्रत्येक ठोका आपल्याला घडवावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात मला स्नेअरच्या तारांचा आवाज ऐकू आला. त्या नुसत्या खरखरत नाहीत, बोलतात. हे मी आधी कधी ऐकलंच नव्हतं.

सामानात तुम्ही फारसं काही बदललं नाहीत. जाड ५बी स्टिक बाजूला ठेवून सडसडीत ७ए घेतल्या, संथ गाण्यांना काड्यांच्या जुडीचे रॉड्स किंवा ब्रश. किकमध्ये, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये, उशी. स्नेअरच्या कातड्यावर कडेला टेपची एक घडी. एक क्रॅश महिनाभर पेटीत. किकला मात्र मोकळीक दिलीत, "खालचा आवाज कोणाचा गळा दाबत नाही, झांजा आणि स्नेअर दाबतात, कारण शब्दांची व्यंजनंही त्याच पट्ट्यात असतात." सगळ्या ड्रमवर चादर टाकायची सूचना आली तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. वाजवणाऱ्याला काहीच परत मिळालं नाही की तो जास्त जोराने मारतो. अगदी खरं आहे, मी ते करून बसले होते.

भिंतीवरच्या अंड्यांच्या ट्रेंबद्दलही तुम्ही कोणाला न दुखावता सांगितलंत. वरचा थोडा झणझणाट ते शोषतात, पण बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. ट्रे गेले. माझ्यामागे जुनी गादी उभी आहे, खाली जाड सतरंजी, आणि टाळी वाजवली की भिंतींमधून येणारा तो तडतडणारा प्रतिध्वनी आता येत नाही.

आज तीन महिने झाले. गायिकेच्या जागी मीटर बहुतेक वेळ ९०-९१ दाखवतं. दर अर्ध्या तासाने आम्ही दार उघडून बाहेर जातो. सगळं जमलं आहे असं नाही. शेवटच्या वेगवान गाण्यात अखेरच्या ध्रुवपदाला आम्ही सगळेच अजून सुटतो, मीही. तिथे गायिका हात आडवा धरून चार बोटं दाखवते आणि वाजवता वाजवता सगळे खाली येतात.

मागच्या सरावाला ती म्हणाली, "आज मला माझा श्वास ऐकू आला." तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरवलं.

रेकॉर्डिंग राहिलंच आहे, काका. सवडीने या. संथ गाणं ब्रशवर बसवलं आहे, ते आधी घेऊ या.

तुमची,
ड्रमवाली