कंबरदुखीवर यंत्रापेक्षा व्यायाम

महोदय,

कंबरदुखी सुरू झाली की आधी पट्टा, मग बिछान्यावर विश्रांती आणि त्यानेही भागले नाही तर शेक व ट्रॅक्शन (वजनाने किंवा यंत्राने कण्याला ताण देणे), हा क्रम आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की फिजिओथेरपी म्हणजे यंत्राखाली पडून राहणे असाच बहुतेकांचा समज झालेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र व्यायाम आणि रुग्णशिक्षणाची शिफारस आहे. पट्टे व ट्रॅक्शन सरसकट वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे.

उताणे झोपून, गुडघे दुमडून, श्वास न रोखता कंबर सावकाश उचलायची, काही क्षण धरायची आणि तितक्याच सावकाश खाली आणायची, हा व्यायाम दिसायला किरकोळ वाटतो. पण नितंबांचे व पाठीचे स्नायू बळकट करण्यासाठी तो उपयुक्त आहे. अडचण अशी, की दुखणे थोडे उतरले की रुग्ण व्यायाम सोडतो आणि काही उपचारकही (सर्व नव्हेत) तो नीट शिकवण्याऐवजी यंत्र लावून मोकळे होतात. व्यायाम कोणते आणि किती, हे तपासणीनंतर तज्ज्ञानेच ठरवावे.

मात्र पायातली ताकद कमी होत असेल, जांघेभोवती बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण सुटले असेल, तर व्यायामाची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

– एक वाचक