खंबीर राहा म्हणायचं आणि आजार लपवायचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘मन खंबीर ठेवा, कॅन्सर पळून जाईल’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतात आणि वर ‘हे उंदरांवर सिद्ध झालंय’ असंही ठोकून दिलेलं असतं. तो प्रयोग खरा आहे, पण तो काही वेगळंच सांगतो. १९८२ साली अमेरिकेत व्हिझिंटेनर, व्होल्पिसेली आणि सेलिगमन या संशोधकांनी उंदरांना कर्करोगाच्या पेशी टोचून विजेचे झटके दिले. एका गटाला दांडी दाबून झटका बंद करता येई. दुसऱ्याला झटके तेवढेच, तेवढाच वेळ, पण दांडी निकामी. पहिल्यातल्या ६३ टक्के उंदरांच्या शरीराने गाठ परतवली, दुसऱ्यातल्या अवघ्या २७ टक्के. झटकेच न बसलेल्यांत हा आकडा ५४ होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका चमूला अशा असहाय उंदरांच्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावलेल्या दिसल्या.

माणसाचं गणित इतकं सरळ नाही. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या २३५ रुग्ण स्त्रियांवरचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गटात बसून बोलल्यामुळे, विशेषतः ज्या जास्त खचल्या होत्या त्यांचं मन हलकं झालं, वेदनाही कमी जाणवल्या. आयुष्य मात्र वाढलं नाही. तेव्हा आजार बळावला की ‘तिनं हाय खाल्ली’ म्हणत रुग्णालाच बोल लावणं थांबवा.

आणि हो, त्या उंदरांना ‘पॉझिटिव्ह विचार कर’ असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताशी चालणारी दांडी होती. आपण नेमकी तीच काढून घेतो. माझ्या मावशीला ‘अल्सर आहे’ एवढंच सांगितलं होतं. फाइल सुनेच्या पिशवीत. तपासणीच्या खोलीत मुलगा तिच्या खुर्चीमागे उभा राहून डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावायचा. केस गळायला लागले तेव्हा तिनं काय ते ओळखलं, पण विचारलं कुणालाच नाही. केमोची तारीखसुद्धा घरच्यांनी परस्पर ठरवलेली असायची. एवढ्यानं तिची गाठ वाढली असा माझा दावा नाही. पण तिला कळतंय हे आम्हाला कळत होतं, आणि तरी आम्ही सगळे अल्सरचंच पथ्य बोलत राहिलो.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या कर्करोगतज्ज्ञांकडून यावर जरूर लिहून घ्यावं: रुग्णाला निदान कसं सांगायचं, कोणते निर्णय त्याच्यावर सोडायचे आणि ‘तिला सांगू नका’ म्हणून अडून बसलेल्या नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं.

आपली,
एक वाचक, सांगली