भोसरीच्या पॅटर्नवाल्या काकांना

काका, सा. न.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही जे शिकवलंत ते घरी मॉडेल बनवणाऱ्या इतरांनाही कळायला हवं. तुमचा नातू वाचून दाखवीलच.

बाबा १९७१ मध्ये हवाई दलात मारुत या लढाऊ विमानांवर फिटर होते. एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) एचएफ-२४, जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या डिझाइनचं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. बाबांच्या पंचाहत्तरीला १:७२ मापाचं मारुत द्यायचं मी ठरवलं होतं. १५.८७ मीटरचं विमान, म्हणजे २२ सेंटीमीटरचं मॉडेल. सगळं जमलं आणि शेवटी कॅनॉपीच, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकणच, तडकली. दुसरी मिळेना. म्हणून पीईटीजी प्लॅस्टिकची पारदर्शक शीट आणून ओटीजी ओव्हनमध्ये तापवली (हा ओटीजी स्वयंपाकाचा नाही, वेगळा ठेवलाय) आणि बाल्साच्या साच्यावर दाबली. सहा तुकडे वाया गेले. बाल्सा लाकडाचे रेशे प्लॅस्टिकवर उमटत होते, आणि शीट साच्यावरून निघता निघत नव्हती.

तुम्ही तो साचा हातात घेतलात, बाजूवरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "याला ड्राफ्ट कुठाय, पोरी?"

फाउंड्रीसाठी आयुष्यभर लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या वाळूत ठसा उमटवायचे नमुने, केलेला माणूसच हा प्रश्न विचारणार. ड्राफ्ट म्हणजे बाजूंचा उतार; तो नसला तर पॅटर्न वर काढताना वाळू ढासळते. माझ्याकडे वाळू नव्हती, पण गार होताना प्लॅस्टिक आकसतं आणि साच्याला आवळून बसतं. उभ्या बाजूंवरून ते सुटणार कसं?

मग तुम्ही सागवानाचा तुकडा घेतलात. शीट वरून बसणार म्हणून साचा तिच्या जाडीइतका बारीक केलात, बाजूंना जेमतेम दोन अंशांचा उतार दिलात. कॅनॉपीच्या रेषेखाली अर्धा सेंटीमीटर पाय ठेवलात, म्हणजे तळाशी शीटला येणारी गोलाई कापून टाकता येते. सीलरचे हात, मग ४०० पासून १००० पर्यंत पॉलिश पेपर. पायाभोवती बारीक भोकं, खाली खोकं, आणि भोकांतून हवा ओढून शीट साच्यावर बसवायला खोक्याला माझा व्हॅक्युम क्लीनर.

तरी सर्वांत मोलाची गोष्ट तुमच्या हातात नव्हती, डोळ्यांत होती. मी घड्याळ लावून बसले होते, ते तुम्ही उलटं ठेवलंत. "शीटकडे बघ." आधी तिच्यावर लाटा आल्या. मग ती ताणून सपाट झाली. इतके दिवस मी नेमकी इथेच घाई करत होते. तुम्ही माझं मनगट धरून ठेवलंत. मधोमध झोळ पडला तेव्हा म्हणालात, "आता." दोन सेकंदांत काम झालं, आणि गार झाल्यावर कॅनॉपी बोटानं उचलली तशी सुटून आली.

ती फेविकॉलनं चिकटवली. सुपरग्लूच्या वाफेनं पांढरट झाली असती.

बाबांनी विमान खिडकीच्या उजेडात धरलं, कॅनॉपीतून आत पाहिलं. "सीट दिसतेय," म्हणाले. मग बराच वेळ गप्प. नंतर सांगू लागले, राजस्थानातल्या तळावर पहाटे कॅनॉपीवरची धूळ कशी मऊ फडक्यानं पुसायचे, ओरखडा पडू नये म्हणून. इतक्या वर्षांत हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. तुमच्याच साच्यावर काढलेली दुसरी कॅनॉपी पाठवतेय. आणि रविवारी बाबा स्वतः मारुत घेऊन तुमच्याकडे येतायत. शेड उघडी ठेवा.