बायपॅपच्या चिठ्ठीवर ऑटो-सीपॅप आणि विनाछिद्र मास्क दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : चिठ्ठीबाहेरचे श्वसनयंत्र, चुकीचा मास्क व चुकीचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बदलून मिळण्याबाबत

महोदय,

डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिले होते : बायपॅप (मास्कमधून दोन वेगवेगळे दाब देणारे श्वसनयंत्र), एस/टी मोड (रुग्णाच्या श्वासाला साथ देणारा आणि गरज पडल्यास स्वतः श्वास देणारा), आयपॅप म्हणजे श्वास घेतानाचा दाब 18 आणि ईपॅप म्हणजे सोडतानाचा दाब 6 सेंमी पाणी, बॅकअप रेट म्हणजे यंत्राने राखायचे किमान श्वास मिनिटाला 14, सोबत मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन. निदान सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), धमनीतल्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब 58 मिमी पारा, म्हणजे वाढलेला. आपल्या प्रतिनिधीने आणून दिला तो 4 ते 20 दाबाचा ऑटो-सीपॅप (एका वेळी एकच दाब देणारे, तो गरजेनुसार आपोआप बदलणारे यंत्र), निळ्या कोपऱ्याचा (नळी जोडायच्या वळणाचा) नाक-तोंड झाकणारा फुलफेस मास्क आणि खांद्याला अडकवायचा पल्स पद्धतीचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र). तिन्ही वस्तू नव्या आणि चालू स्थितीत आहेत. तिन्ही या रुग्णासाठी चुकीच्या आहेत, आणि मास्क तर धोकादायक आहे.

मास्कचे आधी. घरगुती यंत्राला एकच नळी असते, श्वास परत न्यायला दुसरी नळी नसते. म्हणून मास्कच्या कोपऱ्यावर बारीक छिद्रे ठेवतात आणि त्यांतून हवा सतत बाहेर पडत राहते. हा बिघाड नव्हे. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायची ती एकमेव वाट आहे. निळ्या कोपऱ्याचा विनाछिद्र मास्क रुग्णालयातल्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरसाठी, किंवा नळीतच वेगळा उच्छ्वास-पोर्ट बसवलेला असेल तर वापरायचा असतो. आपण दिलेल्या नळीत असा पोर्ट नाही. यंत्र बंद पडले तर उघडून बाहेरची हवा आत घेणारी झडपही या मास्कच्या कोपऱ्यात नाही. खात्री करायला मिनिटही लागत नाही : यंत्र सुरू करून मास्क चेहऱ्यावर बसवायचा आणि कोपऱ्याजवळ तळहात धरायचा. छिद्रांचा मास्क असेल तर गार झोत हाताला लागतो. इथे काहीच लागत नाही. म्हणजे सोडलेला श्वास नळीत साठतो आणि पुढच्या श्वासाबरोबर पुन्हा आत जातो.

आपल्या सेवा केंद्राने यावर दिलेले उत्तर अधिक चिंताजनक आहे. पडद्यावर गळती 0 आणि ‘मास्क फिट’ उत्तम दिसते, म्हणून मास्क योग्य आहे, असे सांगण्यात आले. यंत्र छिद्रांतून जाणारी अपेक्षित हवा आधीच वजा करते आणि उरलेली गळती दाखवते. छिद्रेच नसतील तर उरणार काय? ज्या आकड्याने तंत्रज्ञाला शंका यायला हवी होती, तोच आकडा प्रमाणपत्र म्हणून पुढे करण्यात आला.

आता यंत्र. ऑटो-सीपॅपला आम्ही नावे ठेवत नाही. झोपेत घसा मिटतो, घोरणे वाढते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडतो, अशा रुग्णाला ते चांगला उपयोग देते. अडथळा ओळखून दाब वाढवते आणि घसा उघडा ठेवते. पण सीओपीडीच्या या रुग्णाची अडचण घशात नाही. छातीचे स्नायू थकलेत, हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याला आत घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब लागतो. चिठ्ठीतला फरक 12 चा आहे. ‘आमच्या यंत्रातही श्वास सोडताना दाब 3 ने उतरतो, म्हणजे बायपॅपच झाला’ असे प्रतिनिधीने सांगितले. ती सोय श्वास सोडणे सुसह्य व्हावे म्हणून आहे. 12 च्या जागी 3 हा उपचार होत नाही. शिवाय रुग्णाचा श्वास मंदावला तर ऑटो-सीपॅप स्वतःहून श्वास देत नाही. मिनिटाला 14 चा बॅकअप रेट त्यात बसवताच येत नाही.

कॉन्सन्ट्रेटरचीही तीच गत. पल्सचे यंत्र नाकातल्या कॅन्युलातून (ऑक्सिजनच्या बारीक नळीतून) श्वासाची ओढ ओळखते आणि तेवढ्यापुरता ऑक्सिजन सोडते. बायपॅपच्या नळीला जोडले तर सततच्या हवेच्या झोतात त्याला ती ओढ कळतच नाही. आणि त्याच्या बटणावरचा ‘2’ म्हणजे मिनिटाला 2 लिटर नव्हे. इथे सतत प्रवाहाचा कॉन्सन्ट्रेटर आणि यंत्राच्या तोंडाशी बसणारा ऑक्सिजन जोड लागतो. आधी बायपॅप सुरू, मग ऑक्सिजन; बंद करताना आधी ऑक्सिजन. हा क्रम प्रात्यक्षिकात सांगितलाच गेला नाही.

‘बोटाच्या ऑक्सिमीटरवर 94 येते, मग तक्रार कसली?’ असेही फोनवर विचारण्यात आले. ऑक्सिमीटर ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. ऑक्सिजन चालू असताना आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहतो. अशा रुग्णाला सहसा 88 ते 92 एवढेच ठेवायला सांगतात, त्यामुळे 94 हा आकडा दिलासा देणारा नाही. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, दिवसा गुंगी, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे आकड्याआधी पाहायची असतात, आणि पक्की खात्री धमनीतल्या रक्ताच्या तपासणीनेच होते.

मास्क उघडला म्हणून परत घेणार नाही, हे आपले म्हणणे आम्हाला मान्य नाही. विनाछिद्र असल्याची खूण पाकिटावर आहे. ती देण्याआधी वाचणे हे आपल्या माणसाचे काम होते.

आमची मागणी अशी. छिद्रांचा, सुरक्षा-झडप असलेला मास्क आजच पाठवावा. 7 दिवसांत एस/टी मोडचा बायपॅप, सतत प्रवाहाचा कॉन्सन्ट्रेटर आणि ऑक्सिजन जोड द्यावा, व तिन्ही जुन्या वस्तू पूर्ण किमतीत परत घ्याव्यात. जोडणी श्वसनयंत्राच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाने करावी. मास्कचा प्रकार आणि नळीचा व्यास (22 की 15 मिमी) यंत्रात बरोबर निवडावा. रॅम्पबाबत (सुरुवातीला दाब हळूहळू वाढवण्याच्या सोयीबाबत) डॉक्टरांना विचारावे, कारण 4 वरून हळूहळू चढणाऱ्या दाबात अशा रुग्णाला गुदमरल्यासारखे होते. श्वास आत घेण्याची कमाल वेळ आणि सायकल (यंत्राने जास्त दाबावरून कमी दाबावर केव्हा यावे ते) डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच ठेवावेत. सीओपीडीत श्वास सोडायला वेळ लागतो. तोंडातून हवा निसटली की यंत्राला श्वास संपल्याचे कळत नाही आणि ते दाब देतच राहते. तिथे ही कमाल वेळच रुग्णाला सोडवते.

चलनावर यंत्राचा अनुक्रमांक नाही, तो लिहून द्यावा. जून 2021 मध्ये ध्वनिरोधक फोम झिजत असल्यामुळे फिलिप्स कंपनीला लाखो श्वसनयंत्रे परत बोलवावी लागली, तेव्हा आपले यंत्र त्यात आहे का हे लोकांना अनुक्रमांकावरूनच कळले. आणि विनाछिद्र मास्क एका नळीच्या यंत्राबरोबर आणखी कोणाकोणाला दिला गेला, हे आपल्या नोंदींतून शोधून त्या प्रत्येक घरी आजच फोन करावा. तेवढ्यापुरती आमची वस्तू एक दिवस उशिरा आली तरी चालेल.

आपला,
ग्राहक

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, रक्ततपासणीचा अहवाल, चलन, मास्कच्या पाकिटाचे व कोपऱ्याचे छायाचित्र