मलपृष्ठावरची ती ओळ काढून टाक

सातारा,
१२ जुलै २०२५

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तकाची मुद्रिते परवा कुरियरने पोहोचली. तुझ्या आईने ती आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिले आणि मगच माझ्या हाती दिली, त्यामुळे पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर कुंकवाचा डाग पडला आहे, तो छापखान्याची चूक समजू नयेस. हरिपाठावरच्या चिंतनाचा भाग मी दोनदा वाचला आणि शेवटी जोडलेले माझे अभंग रात्री मोठ्याने म्हणून पाहिले. अक्षरजुळणी सुबक आहे, मुखपृष्ठही मला आवडले. अडलो तो मलपृष्ठावर. तेथे तू माझा परिचय लिहिला आहेस आणि त्याला ‘खाकीतला संत’ असे शीर्षक दिले आहेस. ही ओळ काढून टाक, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. फोनवर सांगितले असते तर ‘बाबा, लोकांना असेच आवडते’ असे म्हणून तू हसण्यावारी नेले असतेस, आणि तुझ्या हसण्यापुढे माझे काही चालत नाही.

लोकांना असे आवडते हे मला मान्य आहे. बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांनी २०२० साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुढच्याच वर्षी ते कथावाचक म्हणून लोकांसमोर आले, तेव्हा ती बातमी देशभर चवीने वाचली गेली. पोलीस आणि भगवंत या दोन गोष्टी एकत्र येऊच शकत नाहीत असे लोकांनी गृहीत धरलेले असते, म्हणून त्या एकत्र आल्या की त्यांना नवल वाटते. आपल्याकडे हे नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे निजामशाहीचे नोकरदार. किल्ला, शिबंदी, दारूगोळा आणि हिशेब सांभाळून त्यांनी परमार्थ केला. नाथ त्यांच्याच दफ्तरात वाढले आणि एका पैच्या चुकीसाठी रात्रभर वह्या धुंडाळल्याची त्यांची गोष्ट तुला शाळेत असताना मी सांगितली होती. तुकोबांनी तर पाइकाचे अभंगच लिहिले, त्यांत चाकरी करणाऱ्या शिपायाच्या इमानाची तोलामापाने पारख केली आहे. म्हणून मी जे करतो ते काही जगावेगळे नाही आणि त्यासाठी मला संत म्हणण्याची गरज नाही.

परंतु माझी हरकत एवढ्यावरच थांबत नाही. तू परिचयात लिहिले आहेस की तेहतीस वर्षांच्या रुक्ष नोकरीनंतर बाबांना अध्यात्माची ओढ लागली. हे चुकीचे आहे. मला लिहिण्याची जी काही सवय लागली ती त्या नोकरीतच लागली आणि ती पंचनाम्यांनी लावली. १९८७ साली नाशिकला प्रशिक्षणाला गेलो तेव्हा आमचे शिक्षक सांगत की पंचनाम्यात विशेषण घालायचे नाही. प्रेत ‘करुण’ नसते, खोली ‘भयाण’ नसते. दार पूर्वाभिमुख आहे, कडी आतून लावलेली आहे, जमिनीवर अमुक फूट अंतरावर अमुक वस्तू पडली आहे, एवढेच लिहायचे, आणि जे दिसले नाही ते लिहायचे नाही. आज मी अभंग लिहायला बसलो की हाच नियम पाळतो, आणि ज्या दिवशी तो मोडतो त्या दिवशीचा कागद सकाळी फाडून टाकतो. नाथांची गंमत पाहा, त्यांनी सरकारी कागदांचे नमुनेच भारुडांत आणले. त्यांच्या अर्जदस्तात शरीराबाद नावाचा परगणा आहे, कायापुरी नावाचा किल्ला आहे आणि तेथले दंभाजी, कामाजी, क्रोधाजी हे अंमलदार सरकारी काम कसे बुडवतात याची रीतसर तक्रार आहे. मी हे प्रथम वाचले तेव्हा ठाण्यात रात्रपाळीला होतो आणि हसता हसता समोरच्या तक्रार अर्जांच्या गठ्ठ्याकडे पाहत राहिलो. तेहतीस वर्षे मी जी भाषा लिहिली तीच भाषा एका संताने चारशे वर्षांपूर्वी देवाच्या कामाला लावली होती.

आता एका वहीविषयी लिहितो, जी गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही.

१९९४ साली माउलींच्या पालखीच्या बंदोबस्ताला माझी नेमणूक लोणंद ते तरडगाव या टप्प्यावर होती. पालखीचा बंदोबस्त हा आमच्या खात्यातला सर्वांत विलक्षण बंदोबस्त असतो. एरवी ज्या तोंडातून ‘ए, हो बाजूला’ याखेरीज दुसरे काही निघत नाही, त्या तोंडातून वारीभर ‘माउली, पुढे चला, माउली, रांग धरा’ असेच निघते. हातात काठी असते आणि समोरच्याला माउली म्हणावे लागते. पहिल्या दिवशी जीभ अडखळते, तिसऱ्या दिवशी सवय होते, आणि ठाण्यात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती सवय सुटते, हेही खरेच सांगतो.

त्या वर्षी तरडगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली एक वयस्क वारकरी बसल्या जागी गेला. दिंडी पुढे निघून गेली होती, बरोबर कोणी नव्हते. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, मरणोत्तर पंचनामा मी केला. अंगावर पांढरे धोतर व बंडी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. जवळच्या पिशवीत एक जोड टाळ, एक पितळी तांब्या, कागदात बांधलेल्या दशम्या, रोख रुपये बेचाळीस, आणि एक वही. प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत लिहायची असते. टाळांपुढे पंचवीस रुपये लिहिले, तांब्यापुढे चाळीस. वहीपुढे मी लिहिले, ‘एक वही, जुनी, वापरती, किं. अं. ००-००.’ पंचांनी सह्या केल्या. त्यात चूक काहीच नव्हती, कोणत्याही अधिकाऱ्याने तेच लिहिले असते.

रात्री शवविच्छेदनाची वाट पाहत ग्रामीण रुग्णालयाच्या ओट्यावर बसलो होतो. ओळख पटवण्यासाठी काही पत्ता मिळतो का, म्हणून मी ती वही उघडली. पहिल्या पानांवर हरिपाठ उतरवून घेतला होता. त्यानंतर अभंग होते आणि ते कोणत्याही गाथेतले नव्हते, त्याचे स्वतःचे होते. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नव्हता, पण अक्षरांचा हिशेब चोख होता. सहा, सहा, सहा आणि चार. विहीर आटली त्या वर्षाचा एक अभंग होता, बैल विकल्याचा एक होता, आणि एकात विठोबाला उसनवारीची आठवण करून दिली होती. शेवटच्या चरणात प्रत्येक वेळी नाममुद्रा. नावावरून गाव सापडत नसते, पण एका पानावर देवळाच्या सप्ताहाचा खर्च मांडला होता, त्यात गावाचे नाव निघाले. बिनतारी संदेश गेला आणि चौथ्या दिवशी मराठवाड्यातून त्याची मुलगी व जावई आले. टाळ, तांब्या, रोख रक्कम तिने ताबापावतीवर अंगठा उठवून घेतली आणि मग विचारले, ‘सायेब, ह्याच्यात आण्णांचं नाव कुठं हाय, तेवढं दाखवा.’ तिला वाचता येत नव्हते. मी एका अभंगाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. तिने माझे बोट बाजूला करून त्या जागी आपले बोट ठेवले आणि बराच वेळ ते तसेच राहू दिले. टेबलावर शेजारीच पंचनाम्याची प्रत होती आणि तिच्यात ते शून्य होते.

बाळा, मी लिहू लागलो तो त्यानंतर. निवृत्तीनंतर नव्हे. २०२० पर्यंतच्या माझ्या जुन्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर जे सापडेल ते सर्व त्याच वहीचे व्याज आहे.

हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभे राहण्याविषयी सांगितले आहे, त्यावर मी पुस्तकात अकरा पाने लिहिली आणि खरी गोष्ट लिहायचे धैर्य झाले नाही, म्हणून येथे लिहितो. आषाढी एकादशीला मी पंढरपुरात सात वेळा बंदोबस्ताला होतो. देवाच्या दारी क्षणभर काय, बारा-बारा तास उभा राहिलो. पण पोलीस देवाच्या दारी उभा राहतो तो देवाकडे पाठ करून, कारण त्याचे लक्ष गर्दीकडे असावे लागते. विठोबा माझ्या पाठीमागे होता आणि समोर दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे होते. माझ्या अभंगांत विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन नाही, अशी तक्रार आपल्या भजनी मंडळाच्या बुवांनी केली होती. त्याचे कारण हेच आहे. मी रूप पाहिले नाही, रूप पाहून आलेली माणसे पाहिली, आणि जे दिसले नाही ते लिहायचे नाही.

आता ‘संत’ या शब्दाविषयी. १९९८ सालची गोष्ट आहे, तू तेव्हा चौथीत होतास. एका बसस्थानकावर प्रवाशाची पैशांची थैली गेली आणि संशयावरून सतरा वर्षांच्या एका मुलाला आणले गेले. वरून तपासाची घाई होती, मी तीन रात्री झोपलो नव्हतो, पण या गोष्टी कारण म्हणून सांगत नाही. मी त्याला मारले. हाताने मारले, आणि कानावर मारले. दुसऱ्या दिवशी ती थैली फिर्यादीच्याच मेव्हण्याकडे निघाली. मुलाला मी ‘जा’ एवढेच म्हणालो. तो उठला, दारापर्यंत गेला आणि मी पुन्हा हाक मारली तेव्हा त्याने वळून पाहिले नाही. त्याला ऐकू गेले नाही की त्याने ऐकले नाही, हे मला आजवर कळलेले नाही. त्याची नोंद स्टेशन डायरीत नाही, कारण ती डायरी लिहिणारा मीच होतो. निवृत्त झाल्यावर मी त्या वस्तीत दोनदा जाऊन आलो. घर पाडून तेथे गाळे झाले आहेत, शेजाऱ्यांनाही काही सांगता आले नाही. तुझ्या आईला हे ठाऊक आहे. आता तुलाही ठाऊक झाले. उद्या हे पुस्तक एखाद्या दुकानात त्या माणसाच्या हाती आले (आता तो चव्वेचाळीस वर्षांचा असेल) आणि मागे माझ्या छायाचित्राखाली त्याने ‘संत’ हा शब्द वाचला, तर त्याला काय वाटेल याचा विचार कर. अभंगांत मी नाममुद्रा का घालत नाही असे तू दिवाळीत विचारले होतेस, तेव्हा मी विषय टाळला. मुखपृष्ठावर नाव छापावे लागते तेवढे पुरे आहे.

परिचयाच्या जागी मी खालील मजकूर लिहिला आहे. तो तुला विचित्र वाटेल, पण अशा नमुन्यात मी हजारो माणसांचे जबाब घेतले आहेत, एकदा स्वतःचाही घ्यावा असे वाटले. ‘मी, वय ६३ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त पोलीस निरीक्षक, रा. सातारा, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहण्यास असून हरिपाठ वाचतो व दर एकादशीस भजनास जातो. सदर पुस्तकातील मजकूर मी स्वतः लिहिला आहे. त्यातील अभंग चालीवर म्हणता येतात.’ यापुढे एक शब्दही वाढवू नकोस. छायाचित्र गणवेशातले नको, मागच्या वर्षी सूनबाईने अंगणात काढलेले आहे ते घाल.

ध्वनिमुद्रणाचे तू विचारले होतेस. पाच अभंगांना बुवांनी चाली बांधल्या आहेत. बुवा काळी चारमध्ये गातात, त्यामुळे आपल्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना वर जाताना दम लागतो, पण ते ऐकायला तयार नाहीत. ध्वनिमुद्रणात पेटी, पखवाज आणि टाळ एवढेच असावे. त्या कळीच्या वाद्यावर (सिंथेसायझरवर) सतार, बासरी आणि समुद्राच्या लाटा वाजवणारा तुझा मित्र गुणी आहे, त्याला माझा नमस्कार सांग, परंतु या कामाला तो नको.

मुद्रितातल्या बाकीच्या दुरुस्त्या समासात लाल शाईने केल्या आहेत. एक मात्र येथे मुद्दाम लिहितो, कारण ती जुळारी पुन्हा ‘सुधारेल’ अशी मला भीती आहे. पान १४१ वरचा अभंग मी असा लिहिला होता:

केला पंचनामा । माझाच मी आता ।
साक्षीला अनंता । उभा तूच ॥
सापडले हाती । नाही काही फार ।
अहंता हत्यार । गंजलेले ॥

छापताना त्यांनी ‘अहंता’चे ‘अहंकार’ केले आहे. अर्थ तोच राहतो हे खरे, पण चरणात सहाऐवजी सात अक्षरे होतात आणि टाळ चुकतो. बोटांवर मोजून पाहा आणि त्यांनाही मोजून दाखव. ‘अहंता’ असेच राहू द्यावे.

तुझे
बाबा