बिल्ल्यामागची गाडी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादी व्यावसायिक व्हॅन बंद झाली की 'खप नव्हता' एवढं म्हणून विषय संपवला जातो. पण दुसऱ्या कंपनीची गाडी स्वतःचा बिल्ला, म्हणजे स्वतःचं नाव-चिन्ह, लावून विकली जात होती, तेव्हा खप का नव्हता आणि तो वाढवणं कोणाच्या हातात होतं, हे विचारायलाच हवं.

अशोक लेलँडची 'स्टाइल' आठवत असेल. जुलै २०१३ मध्ये आली, मे २०१५ मध्ये बंद झाली. स्टाइल म्हणजे मुळात निसानची एव्हालिया. दोन्ही चेन्नईजवळ ओरगडमच्या रेनॉ-निसान कारखान्यात तयार होत. इंजिन तेच दीड लिटरचं डिझेल, स्टाइलमध्ये ताकद थोडी कमी, ७५ हॉर्सपॉवर. किंमत साडेसात लाखांच्या आसपास सुरू होत होती. सरकते दरवाजे, भरपूर जागा. हॉटेलं, कुरिअर, टुरिस्ट टॅक्सी असं गिऱ्हाईक डोळ्यासमोर होतं. गाडी वाईट नव्हती, हे मुद्दाम लिहितो. न्यूयॉर्कने २०११ मध्ये टॅक्सीसाठी निवडली ती याच घराण्यातली एनव्ही२००.

अडचण अशी की मूळ एव्हालियाच इथे चालली नाही. टुरिस्ट गाड्यांच्या धंद्यात इनोव्हाचं राज्य होतं, २०१२ मध्ये एर्टिगा आली. एव्हालियाच्या सुरुवातीच्या गाड्यांत मधल्या रांगेच्या काचा खाली होत नव्हत्या. वैशाखातल्या उन्हात ट्रिप मारणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अशा उणिवा बिल्ला लावणाऱ्याला परस्पर दुरुस्त करता येत नाहीत. भाड्याच्या घरातली भिंत भाडेकरूला पाडता येत नाही, तसंच हे. वर नफ्यात दोघांचा वाटा, आणि विकायला ट्रक-टेम्पोच्या गिऱ्हाइकांना सरावलेले विक्रेते. खप कमी झाला की पहिली कात्री अशाच गाडीवर चालते, कारण ती बंद केली तर स्वतःचा कारखाना ओस पडत नाही.

याच दोन कंपन्यांच्या भागीदारीतला 'दोस्त' हा छोटा मालवाहू टेम्पो मात्र २०११ पासून टिकला. तो अशोक लेलँडच्या होसूरच्या कारखान्यात बनत होता. २०१६ मध्ये अशोक लेलँडने निसानचा हिस्सा विकत घेऊन भागीदारी मोडली, तरी दोस्त चालूच राहिला. आपल्याकडे आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली तीही मर्सिडीजच्या व्हॅनवरून. पण बनवली इथे, बदलली इथे. आजही पंढरपूर, शिर्डी, गणपतीपुळे, कुठल्याही वाहनतळावर ती दिसते.

बिल्ला बदलणं हेच पाप, असं मी म्हणत नाही. टोयोटाची ग्लान्झा ही मारुतीची बलेनोच, पण बलेनो स्वतः धो-धो खपते, त्यामुळे ग्लान्झाच्या मालकाला सुट्या भागांची चिंता नाही. उलट अमेरिकेत जनरल मोटर्सने हीच एनव्ही२०० 'शेवरोले सिटी एक्सप्रेस' नावाने विकली आणि २०१८ मध्ये सोडून दिली. निसानने मात्र स्वतःच्या नावाने ती तिथे पुढेही विकली.

कंपनीचा हिशोब कंपनीपाशी. पिवळ्या पाटीची गाडी घेणारा माणूस मात्र पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतो. गाडी दोन वर्षांत बंद झाली की जुन्या बाजारात तिचा भाव पडतो आणि सरकत्या दरवाजाच्या एका रोलरसाठी गाडी उभी राहण्याची धास्ती लागते. उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. नव्या व्यावसायिक गाडीची बातमी छापताना मायलेज आणि किंमत यांच्या जोडीला तीन गोष्टी जरूर छापाव्यात: गाडी कोणाच्या कारखान्यात बनते, भागीदारीचा करार किती वर्षांचा आहे, आणि गाडी बंद झाल्यास सुटे भाग कोण आणि किती वर्षं पुरवणार. कंपनीने उत्तर दिलं नाही, तर तेही छापावं.

आपला,
एक वाचक, सातारा